आपलं झाड, परकं झाड

आपल्या जालन्याकडचं कुटुंब मुंबईस गेलं, की मुलं राणीच्या बागेचा हट्ट धरतात. १८६२ साली लोकांना खुली झालेल्या या बागेला आज आपल्या शेजारच्या सिंदखेडराजाच्या लेकीचं, वीरमाता जिजाबाईंचं, नाव आहे. मुलं वाघ पाहायला धावतात. पण मुळात ही झाडांची बाग. वडील मंडळींनी घटकाभर झाडांपाशी थांबावं.

तिथं गोरखचिंचेचं झाड आहे. खोड असं, की एका माणसाच्या कवेत मावायचं नाही. हे झाड मूळचं आफ्रिकेचं. पण आपल्या लोकांनी त्याला नाव कुणाचं दिलं? ज्ञानोबारायांच्या गुरुपरंपरेतल्या गोरक्षनाथांचं! त्याचं गाव कुणी विचारलं नाही, कूळ विचारलं नाही.

मग प्रश्न असा, की आपलं कोण आणि परकं कोण? जन्मानं आपलं, की वागण्यानं?

आपल्या घरातच पाहा. एकादशीच्या फराळातला साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो, शेंगदाणा, बटाटा, रताळं, हिरवी मिरची, ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकापासून ती जहाजांतून इकडे आली. तेराव्या शतकातल्या ज्ञानोबारायांच्या एकादशीला यातलं काहीच नव्हतं. देवाच्या हारातला झेंडूसुद्धा मेक्सिकोकडचा. अंबड-घनसावंगीच्या बागांतली मोसंबी घ्या, तिचं नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून पडलं असं मानतात. आज तिच्यावर आपल्या कितीतरी घरांची चूल पेटते. तिला कुणी उपरी म्हणेल काय?

इथं कुणी शंका घेईल, "महाराज, गाजरगवतही बाहेरूनच आलं. त्यानं रानं खाल्ली, त्याचं काय?" शंका खरी आहे. ते उपटलंच पाहिजे. पण अमरवेल अन् बांडगूळ तर इथलीच ना? तीही ज्या झाडावर बसतात त्याचाच रस पितात. तेव्हा घातक काय, हे गावावरून ठरत नाही, करणीवरून ठरतं. गाजरगवत उपटायचं ते त्यानं पीक मारलं म्हणून. परदेशी म्हणून नव्हे. आणि झाडाला जो न्याय, तो माणसाला नको काय?

जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशाकडची पोरं भट्टीपुढं घाम गाळतात. त्यांनी ओतलेल्या लोखंडाच्या सळया आपल्या घरांच्या स्लॅबात असतात. पण त्यातलाच एखादा भाड्याची खोली मागायला आला, की आपण आधी विचारतो, "कुठला रे तू?" खोलीचं भाडं मग. बाहेरचा शेंगदाणा उपासाला चालतो. तो भाजणारा बाहेरचा असला, तर पंगतीत चालत नाही! ही कुठली एकादशी?

हा प्रश्न आपल्या संप्रदायाला नवा नाही. चोखोबा महाद्वाराबाहेरच राहिले. त्यांच्या समाजाला पंढरीच्या राउळाचं दार उघडायला साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. दार देवानं लावलं नव्हतं, माणसांनी लावलं होतं.

म्हणून माउली, येत्या एकादशीला फराळाचं ताट वाढताना एवढं करा. शेजारच्या खोलीतल्या त्या परमुलखातल्या पोराला हाक मारा. गाव नंतर विचारा. आधी पाट मांडा.