टेबलावर काय ठेवायचं?

चित्रकार टेबलावर चार वस्तू मांडतो नि रंगवतो, त्याला स्थिरचित्र म्हणतात. पण वस्तू कुठल्या? आणि निवडणारा कोण? हा सवाल रंगाचा नाही, नीतीचा आहे.

सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांची टेबलं बघा. चांदीचं ताट, अर्धं सोललेलं लिंबू, कागदाच्या पुडीत मिरी. कुणी बाजूला कवटी नि विझलेली मेणबत्तीही ठेवतो, म्हणजे माणसा, सगळं नाशवंत आहे. ठीक. पण मिरी आली कुठून? १६०२ साली डचांनी कंपनी काढली, १६६३ ला कोचीन घेतलं. मिरी तोडणारे, सुकवणारे, वाहणारे हात त्या टेबलाच्या आसपास कुठं नाहीत. मरणाला टेबलावर जागा मिळाली, मजुराला नाही. चित्र मात्र झकास, लिंबाचा ओलावासुद्धा दिसतो. कसबाला आपण नावं ठेवत नाही.

१८८६ साली व्हॅन गॉगनं जुने बूट रंगवले. हायडेगर नावाचा जर्मन तत्त्वज्ञ म्हणाला, हे शेतकरी बाईचे. मायर शापिरोनं १९६८ साली म्हटलं, छट्, खुद्द चित्रकाराचे. म्हणजे भांडण सगळं घालणाऱ्याचं. शिवले कुणी? आपल्या वस्तीत हा सवाल पहिला आला असता.

आता आपल्याकडं या. आपला पोरगा कुंचला घेतो तेव्हा हात आधी गळ्यातल्या गाडग्याकडं नि कमरेच्या झाडूकडं जातो. इतिहास आहे तो, पुसू नये. पण गाडगं दिवाणखान्यात टांगलं की बघणारा च्च च्च करतो नि चहा मागवतो. त्यात आपण फक्त सोसणारे दिसतो. कसब असलेले, अक्कल असलेले, नाकारले गेलेले दिसत नाही.

म्हणून मी धोटा मांडीन.

मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार बरा होता, पण अस्पृश्यांना तिथं मज्जाव. कारण काय? कांडी बदलली की सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. एकाची थुंकी दुसऱ्याच्या ओठाला. घामाचं कापड चालतं, ओठाचा धोटा बाटतो! लाल बावट्याखाली खांद्याला खांदा लावणारेही इथं गप्प बसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढं टाकला. वीतभर लाकडाचा तुकडा, दोन्ही टोकांना लोखंड. त्याच्यात आख्खी जात नि आख्खा वर्ग एका भोकात अडकलाय. ते भोक नीट काढा. बाकी लाकूड कसंही काढलं तरी चालेल.

आणि आंबा काढूच नये का? काढा की! आपल्या पोरानं दर वेळी जखमच रंगवावी, असा हट्ट धरणारा रसिकही एक प्रकारचा मुकादमच.

धोट्यामागं पडदा कसला, विचाराल. मखमल नको. कोरं मांजरपाट, खळीचा वास असलेलं, इस्त्री न केलेलं.