उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये

रात्री जहाजातले तेलकट पाणी गुपचूप समुद्रात सोडले, तर कोण पाहणार? तेलाच्या तवंगाखाली लहान लाटा दबतात. म्हणून उपग्रहाच्या रडारला तेवढा भाग काळा दिसतो, रात्र असो वा ढग. युरोपीय सागरी सुरक्षा संस्था 2007 पासून अशी पाळत ठेवते. जमिनीवर व समुद्रात माजलेला बिघाड माणसाच्याच करणीचे फळ आहे, हे कुरआनने सूरह रूममध्ये बजावले आहे. म्हणून ही पाळत योग्यच. परंतु उपग्रह पुढे सरकतो. त्याच्या दोन फेऱ्यांमधला समुद्र ही खलाशाकडे सोपवलेली अमानत असते. दंडाच्या भीतीने हात थांबतो. मनातला लोभ तक्वाच थांबवतो. गॅरेजमधले वापरलेले ऑइल गटारात ओतताना आपल्यावर कोणत्याही उपग्रहाची नजर नसते. अल्लाह मात्र पाहत असतो.