बी आणि बोल

तबल्याच्या घराण्यांत ठेवणीतल्या गती पूर्वी लेकीच्या हुंड्यात दिल्या, असं सांगतात. ज्याचं पोट हातावर, त्यानं हातातलं सगळं शिष्याला द्यावं का? उद्या बैठकीला शिष्यालाच बोलावलं, तर गुरूनं खावं काय? प्रश्न खोटा नाही. तरी पंजाब घराण्याच्या उस्ताद अल्लारखांनी लेकाला, झाकीर हुसेनना, दिलं तसं मुंबईत बाहेरच्या पोरांनाही दिलं. त्यांतले योगेश सम्सी आज स्वतः शिकवतात.

आम्ही निवडक बी शेजाऱ्याला देतो. आपलं रान पाण्याखाली गेलं, तर ते त्याच्याकडं सापडतं. बोलाचंही तसंच बघा. बिदागीत वाटेकरी होतो, हे खरं. पण न दिलेला बोल वाजवणाऱ्याबरोबर मातीत जातो, आणि तिथनं तो काही उगवत नाही.