मीठ साठवायचे की वाटायचे?



सामान्य काळातील पाचव्या रविवारी (वर्ष अ) आपण जे शुभवर्तमान ऐकतो, त्यात प्रभू येशू आपल्या शिष्यांना पृथ्वीचे मीठ म्हणतो (मत्तय ५:१३). मीठ म्हटले की समुद्र आठवतो. पण समुद्रात हे मीठ आले कोठून?

सुप्यापासून समुद्र लांब आहे, तरी त्यातले थोडे मीठ आपल्याकडूनही गेलेले आहे. पावसाचे पाणी खडकाची हळूहळू झीज करते आणि त्यातले क्षार विरघळवून नेते. आपल्या जवळची हंगा नदी घोडला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. समुद्रतळाच्या ज्वालामुखींतूनही क्षारांची भर पडते. नदीत हे क्षार इतके थोडे असतात की पाणी गोडच लागते. परंतु समुद्रातून पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. कोट्यवधी वर्षे हे चालू आहे. आज एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात.

आपल्या जिल्ह्यातील बागायती भागातही हेच घडते. पाणी वाजवीपेक्षा जास्त दिले आणि निचरा नसला, तर पाणी उडून जाते, क्षार वर साठतात आणि चांगली काळी जमीन चोपण होते.

मनाचेही असेच असते. बांधावरून बोललेला एक शब्द, टँकरच्या रांगेतला एक टोमणा, भावकीतल्या लग्नाचे न आलेले आमंत्रण. प्रत्येक गोष्ट चिमूटभर! प्रसंग विरून जातो, कडवटपणा मागे राहतो. मग दोन सख्खे भाऊ एकाच मिस्साला येतात, पण शांतीचे अभिवादन करताना एकमेकांकडे पाहत नाहीत. अशा मनाला निचरा हवा. प्रायश्चित्त संस्कार म्हणजे तोच निचरा.

प्रभूने आपल्याला जे मीठ व्हायला सांगितले, ते साठवण्याचे नव्हे. अलीशा संदेष्ट्याने यरीहोच्या झऱ्यात मीठ टाकले आणि ते वाईट पाणी चांगले झाले (२ राजे २:१९-२२). पूर्वी स्नानसंस्काराच्या वेळी बाळाच्या जिभेवर मिठाचा कण ठेवत असत, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. बरणीतले मीठ कोणाच्याही कालवणाला चव देत नाही. ते विरघळते तेव्हाच उपयोगी पडते. म्हणूनच मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू मिठाची आणि एकमेकांशी शांतीने राहण्याची गोष्ट एकाच वाक्यात सांगतो (मार्क ९:५०).

समुद्र खारा असला, तरी सूर्याच्या उष्णतेने त्यातून गोडे पाणीच वर जाते आणि आपल्या माळावर पाऊस होऊन पडते. देवाच्या कृपेला आपले मनही उघडे करू या. ज्या घराशी आपले बोलणे बंद आहे, त्या घरी या आठवड्यात आपणच आधी जाऊ या. तिथे चहा गोड मिळो वा न मिळो, आपण मात्र आपले मीठ वाटून येऊ या.