पिशवी कोणाच्या हातची?

२०१८ साली, २३ मार्चला, महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि कापडी पिशवी हे पुण्यकर्म झालं. त्याच वर्षी डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं पिशव्यांचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशोब मांडला. फक्त हवामानबदलाचा विचार केला, तर प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला साधी सुती पिशवी ५२ वेळा वापरावी लागते. ओझोनच्या थरासकट सगळे निकष धरले, तर ७,१०० वेळा. आठवड्यातून दोनदा बाजार धरला तर पहिलं कर्ज सहा महिन्यांत फिटतं, दुसरं ६८ वर्षांत.

सॉफ्टवेअरच्या कामात एक गोष्ट लवकर कळते: काय मोजायचं हे ज्यानं ठरवलं, त्यानं अर्धं उत्तरही ठरवलेलं असतं. या दोन्ही आकड्यांत माणसाचे हात कुठेच मोजलेले नाहीत.

मी क्रोशानं सुती दोऱ्याची बाजाराची पिशवी विणली. तीनशे ग्रॅम दोरा, चार मिलिमीटरची सुई, सुमारे अठरा तास. बूड मुक्या खांबांचं घट्ट, वर साखळ्यांची जाळी. बंद मात्र रुंद आणि दाट विणावे लागतात, कारण क्रोशाचं विणकाम ओझ्यानं ताणतं; दोन किलो बटाटे घातले की सैल बंदाची पिशवी गुडघ्याला लागते. शुद्ध हिशोबानं बघितलं तर जुन्या पँटची शिवलेली पिशवी हिच्याहून केव्हाही बरी. तिला नवा कापूस लागत नाही.

नवा कापूस म्हणजे किती? कपाशीच्या वजनात रुई साधारण एक तृतीयांश, बाकी सरकी. म्हणजे तीनशे ग्रॅम दोऱ्यामागे किलोभर कापूस. एका बोंडात चारेक ग्रॅम धरले तर अडीचशे बोंडं. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, म्हणजे माझ्या पिशवीचा सगळा कापूस ८१ रुपयांचा, तोही हमीभाव मिळाला तर. वऱ्हाडात वेचणी आजही हातानंच होते, आणि बहुतेक बायांच्याच. रुई काढणं, सूत कातणं यंत्रांकडे गेलं. क्रोशाचं खरं विणकाम करणारं यंत्र मात्र बाजारात अजून आलेलं नाही. म्हणजे पिशवीच्या दोन्ही टोकांना हात आहेत. ‘हातानं केलेली’ म्हणताना आपण एकच टोक धरतो.

अकोल्याकडच्या आमच्या नात्यातल्या शेतात वेचणीच्या दिवसांत मी बांधावर विणत बसले होते. वेचणाऱ्या एका मावशीनं विचारलं, “तुले याचे किती भेटते वं?”

“काहीच नाही.”

“मंग कंटाळा आला तं ठेवून देता येते,” ती म्हणाली आणि पुढच्या तासाला लागली.

हातकामानं मन शांत होतं, असं आम्ही अमरावतीत, पुण्यात, सगळीकडे एकमेकांना सांगतो. ते खोटं नाही. पण तीच बोटं, तीच एकसुरी हालचाल, तेच वाकणं तिकडे कंबरदुखी होतं. फरक कामात नाही, ते ठेवून देता येण्यात आहे. माझी शांतता हा क्रोशाचा गुण असण्याआधी माझ्या पगाराचा गुण आहे.

मग विणू नये का? तसं मला वाटत नाही. मी विणणं थांबवल्यानं तिच्या मजुरीत रुपयाचीही भर पडत नाही. पण विणणं हे पुण्य म्हणून नव्हे, माप म्हणून उपयोगी आहे. अठरा तास केवढे असतात हे आता माझ्या मनगटाला ठाऊक आहे. मॉलमध्ये क्रोशाची पिशवी चारशे रुपयांना दिसली, तर ती यंत्रानं स्वस्त केली असं समाधान करून घेता येत नाही. दोरा, वाहतूक, दुकानदाराचा नफा वजा करून उरलेल्या पैशाला तासांनी भागलं की कोणाचा तरी दर निघतो. तो दर बघून घासाघीस करावीशी वाटत नाही.

म्हणून माझ्यापुरते दोन नियम. एक, पिशवी खुंटीवर शोभेला राहता कामा नये. इतवाऱ्यात मातीचे कांदे जिच्यात टाकवत नाहीत, ती ५२ पर्यंतसुद्धा पोचणार नाही. दोन, कोणी कौतुकानं “स्वतः केली?” असं विचारलं तर म्हणायचं, “विणली मी. कापूस दुसऱ्या कोणी वेचला.” वाक्य जरा अवघड वाटतं आणि ऐकणारा क्षणभर गप्प होतो. पण हिशोब तेवढ्यानंच पुरा होतो.