निळीचा रंग आणि रयतेचा हिशेब

जीन्सच्या कापडाची निळाई एकेकाळी नीळ नावाच्या झुडपाच्या पानांतून मिळत असे. १९८३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तोच रंग ई. कोलाय या जीवाणूकडून करवून घेतला. त्यासाठी नॅफ्थलीन पचविणाऱ्या दुसऱ्या एका जीवाणूची जनुके त्यात घातली. २०१८ साली बर्कली येथील संशोधकांनी त्यापुढे जाऊन जपानी निळीचे एक जनुक वापरले. आता जीवाणू रंगाचे पूर्वरूप साखरेच्या रेणूशी बांधून ठेवतो आणि ते कापडावर गेल्यावरच निळे होते.

मनुष्य परमेश्वराच्या जागी बसू पाहतो काय, असे भाविक विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. पण तो पहिला प्रश्न नव्हे, असे आम्हांस वाटते. उत्पत्तीच्या पुस्तकात बागेची मशागत व राखण ही दोन्ही कामे मनुष्याकडे सोपविली आहेत. विरजण लावणारी गृहिणीही जीवाणूंना कामाला लावतेच. जनुकांत फेरफार करणे ही त्याहून गंभीर गोष्ट खरी, म्हणून राखणही तितकीच कडक हवी. मात्र आज कारखान्यात नीळ बनते ती ॲनिलीन, फॉर्माल्डिहाइड व हायड्रोजन सायनाइड यांसारख्या विषारी द्रव्यांपासून. तिच्यापुढे जीवाणूला पापी ठरविणे आम्हांस जमत नाही. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात जनुकीय बदलांवर सरसकट निवाडा दिला नाही. जमीन मूठभरांच्या हाती जाते, या दुखण्यावर मात्र बोट ठेवले.

आमचे मनही तेथेच अडते. १८९७ साली जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. त्या काळी चंपारणची रयत तीनकठिया पद्धतीने दर वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत सक्तीने नीळ पेरीत असे. बाजार कोसळला, तेव्हा ही सक्ती आपोआप सुटावयास हवी होती. परंतु गोऱ्या मळेवाल्यांनी सुटकेचीच किंमत लावली. कोणाचा सारा वाढविला, कोणाकडून ‘तावान’ म्हणून एकरकमी पैसे उकळले. शोध लागला जर्मनीत आणि तोटा भरला बिहारच्या कुळाने! १९१७ साली गांधीजी तेथे गेले, चौकशी झाली, १९१८ च्या कायद्याने तीनकठिया संपली. तावानाचा मात्र पाव भागच परत मिळाला.

तामिळनाडूत आजही काही शेतकरी नीळ पिकवतात, आता स्वेच्छेने. टाकीतला रंग उद्या स्वस्त झाला, तर पहिली झळ त्यांनाच लागेल. त्या टाक्यांचे आराखडे आखणाऱ्यांपैकी त्यांच्या बांधावर कोण गेले आहे?