तेल तपासणे म्हणजे अविश्वास का?

सर्व्हिसिंगला दिलेली मोटारसायकल संध्याकाळी परत मिळते. गाडी धुऊन-पुसून लख्ख केलेली असते. बिलावर इंजिन ऑईल बदलल्याची नोंद असते आणि त्याचे पैसे आपण नुकतेच भरलेले असतात. अशा वेळी तिथेच, सर्वांच्या देखत, गाडी डबल स्टँडवर लावून तेलाची पट्टी काढून पाहावी का? पुष्कळांना ते अवघड वाटते. 'मेकॅनिकला काय वाटेल? आपण त्याच्यावर संशय घेतो असा त्याचा समज होईल,' असे म्हणून आपण मुकाट्याने गाडी सुरू करतो आणि घराचा रस्ता धरतो.

प्रश्न पट्टीचा दिसतो, पण तो आहे विश्वासाचा. एखाद्याला काम सोपवल्यावर ते पाहण्याचा हक्क आपल्याला उरतो का? आणि पाहिले, तर त्या माणसाचा अपमान होतो का?

आपल्याकडे याची दोन सोपी उत्तरे आहेत. काही जण हसून म्हणतात, विश्वास पानिपतात गेला! १७६१ साली पानिपतच्या रणात पडलेल्या विश्वासरावांच्या नावावरचा हा जुना श्लेष. तो ऐकवणाऱ्याच्या लेखी सगळेच मेकॅनिक चोर, सगळेच दुकानदार लबाड. दुसरे म्हणतात, एकदा माणसावर सोपवले की पुन्हा पाहायचे नाही. पाहिले तर तो विश्वास कसला? पहिले उत्तर कडवट आहे हे लगेच कळते. दुसरे उत्तर उदार वाटते, म्हणून त्याकडे अधिक बारकाईने पाहायला हवे.

इंजिनातले तेल करते तरी काय? आपल्या नेहमीच्या मोटारसायकलींत जेमतेम एक लिटरच्या आसपास तेल असते आणि तेवढ्यावरच पिस्टन, गिअर आणि क्लच चालतात. तेल कमी पडले की घर्षण वाढते, इंजिन तापते आणि शेवटी पिस्टन जाम होतो. जास्त झाले तरी बरे नाही. फिरणारे भाग ते तेल घुसळतात, त्याचा फेस होतो, दाब वाढून सीलमधून गळती सुरू होते आणि तेल एअर फिल्टरपर्यंत चढते. दोन खुणांच्या मध्ये राहणे एवढेच त्या तेलाचे काम आणि ते बाहेरून कोणाला दिसत नाही.

आता आपल्या वर्धा जिल्ह्याचा विचार करा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. आर्वीहून, देवळीहून, समुद्रपूरहून माणसे दुचाकीवर तालुक्याला, जिल्ह्याला येतात. मागे पत्नी, पुढे लहान मूल, हँडलला पिशवी. कोणी दुधाचे कॅन पोहोचवतो, कोणी म्हाताऱ्या आईला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात घेऊन जातो. अशा रस्त्यावर भर दुपारी इंजिन जाम झाले, तर तो खर्च फक्त पैशांचा नसतो. तेव्हा 'मेकॅनिकला वाईट वाटेल' म्हणून पट्टी न पाहणाऱ्याने स्वतःला विचारावे, या सौजन्याची किंमत नेमकी कोण मोजणार आहे? आपल्या भिडस्तपणाचा भार मागे बसलेल्यांनी सोसावा हे न्यायाचे नाही. पुष्कळदा ज्याला आपण विश्वास म्हणतो, तो असतो फक्त संकोच किंवा आळस.

पण याची दुसरीही बाजू आहे. सर्व्हिसिंगमधल्या बहुतेक चुका लबाडीतून होत नाहीत. सणाच्या आदल्या दिवशी गाड्यांची रांग लागलेली असते. एकाच मुलाच्या हातात तीन-तीन गाड्या असतात. तेल काढून झाल्यावर कोणीतरी हाक मारतो, तो उठतो, परत येतो आणि ड्रेन नट पुरता आवळायचा राहतो. किंवा तेल मापाने न घालता अंदाजाने ओतले जाते. बाहेर बाकावर बसून 'अजून किती वेळ? लवकर द्या,' असा धोशा लावणारे आपणच असतो. घाई आपली आणि चूक मात्र एकट्या त्याची, असे म्हणता येईल का?

शिवाय, तपासणाऱ्याचेही चुकू शकते. गाडी साईड स्टँडवर कललेली असताना पट्टी पाहिली, तर माप खोटे येते. इंजिन बंद केल्याबरोबर पाहिले, तर वरच्या भागात गेलेले तेल अजून खाली उतरलेले नसते, म्हणून पातळी कमी दिसते. नवे तेल घालून इंजिन एकदाही सुरू केले नसेल, तर ती आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते. म्हणून गाडी सपाट जागी सरळ उभी करावी. इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटे थांबावे, पट्टी पुसून घालावी आणि मग खुणा पाहाव्यात. काही गाड्यांत पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. काहींत पट्टीऐवजी इंजिनाच्या बाजूला गोल काच असते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत आपल्या गाडीची रीत दिलेली असते. तेलाच्या रंगावरून तर मुळीच निकाल देऊ नये. इंजिनात जुन्या तेलाचा थोडा अंश राहतोच, त्यामुळे नवे तेलही थोड्याच दिवसांत काळपट दिसू लागते.

हे न जाणता जो काउंटरवर आवाज चढवतो, तो कोणाला शिक्षा देतो? सुपरवायझरची बोलणी ऐकतो तो तेलाने माखलेला, तुटपुंज्या पगारावरचा एखाद्या खेड्यातला मुलगा. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नसेल, तर माणसाला मापण्याआधी तेल नीट मापायला शिकले पाहिजे. जो तपासण्याचा हक्क सांगतो, त्याच्यावर नीट तपासण्याचे कर्तव्यही येते.

मग विश्वास आणि तपासणी यांचा मेळ कसा बसवायचा? याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. शेठ बछराज यांनी नातू म्हणून दत्तक घेतलेले जमनालाल बजाज याच वर्ध्याचे. त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९४५ साली, बछराज यांच्याच नावाने एक व्यापारी कंपनी निघाली आणि तीच पुढे बजाज ऑटो झाली. रस्त्यावरच्या कितीतरी दुचाक्यांचे नाव असे वर्ध्याच्या एका घराशी जोडलेले आहे. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजी वारले, तेव्हा गांधीजींनी लिहिले की, धनवंतांनी आपल्या संपत्तीचे विश्वस्त व्हावे असे मी लिहीत असे, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मुख्यतः हाच माणूस असे.

विश्वस्त हा शब्द इथे उपयोगी पडतो. विश्वस्त म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकला आहे तो. पण तोच हिशेब देण्यास बांधलेला असतो. त्याच्याकडे हिशेब मागितला म्हणून त्याचा मान कमी होत नाही. हिशेब देता येणे हाच त्याचा मान. आपली गाडी दोन-तीन तास ज्याच्या हाती असते, तो मेकॅनिक तेवढ्या वेळेपुरता आपला विश्वस्तच असतो.

देवळात दानाची मोजणी होते तेव्हा ती एकट्याने करू नये, दोघा-तिघांनी मिळून करावी ही चांगली रीत आपण जाणतो. तिथे कोणी 'माझ्यावर विश्वास नाही का?' असे विचारत नाही. कारण दुसऱ्याची नजर ही प्रामाणिक माणसाची ढाल असते. उद्या रक्कम कमी भरली, तर तो एकटा सापडत नाही. तेलाच्या पट्टीचेही तसेच आहे. गाडी नेण्यापूर्वी दोघांनी मिळून पातळी पाहिली, तर आठ दिवसांनी गळती निघाल्यावर मेकॅनिकवर खोटा आळ येत नाही आणि ग्राहकालाही 'तुम्हीच काहीतरी केले असेल' असे ऐकावे लागत नाही. अपमान होतो तो चोरून तपासण्यात, घरी जाऊन पट्टी पाहण्यात आणि मग त्या मुलाला एक शब्दही न विचारता गावभर त्याची बदनामी करण्यात.

आणखी एक गोष्ट स्वतःला विचारण्यासारखी आहे. आपले काम कोणी तपासले तर आपल्याला कसे वाटते? शिक्षकाने तपासलेली उत्तरपत्रिका पालकाने पुन्हा पाहायला मागितली, दुकानदाराने तोललेली डाळ गिऱ्हाइकाने दुसऱ्या काट्यावर घातली, कारकुनाने केलेली बेरीज दुसऱ्याने पडताळली, तर आपल्या कपाळावर आठी उमटते का? उमटत असेल, तर मेकॅनिककडून हसतमुखाची अपेक्षा करण्याचा आपल्याला काय अधिकार? इतरांचे काम पाहण्याचा हक्क त्यालाच शोभतो, जो आपले काम आनंदाने पुढे ठेवतो.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी आणायला जाल, तेव्हा थोडा वेळ हाताशी ठेवून जा. तेल आपल्यासमोर घालायला सांगा. काम झाल्यावर त्या मुलाला म्हणा, "दादा, निघण्यापूर्वी आपण दोघे एकदा पट्टी पाहू या." पातळी बरोबर निघाली, तर त्याला तसे सांगा, त्याच्या मालकाच्या कानावरही घाला, चांगल्या कामाची नोंद बिलावर कोणी करत नाही. कमी निघाली, तर आवाज न चढवता दाखवा, तो तिथेच भरून देईल. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखालच्या फरशीवर तेलाचे थेंब आहेत का, तेवढे पाहा. या सगळ्याला पाच-दहा मिनिटे लागतात. तेवढ्यात गाडी सुरक्षित होते आणि ज्याच्या हातांवर आपण आपला प्रवास सोपवतो, त्या माणसाशी निदान चार शब्दांची ओळख होते.